आधी लिहा

कॅज्युअल्टीच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला एक लांब लोखंडी बाक होता. त्यावर कुणाला बसवायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. अपघाताचा पेशंट आला की तो थेट आतल्या खाटेवर जायचा. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला चाकाची खुर्ची मिळायची. डोंगरातून कुणी खाली आलं की ते बाकावर.

मावशी अकरा वर्षं तो बाक पुसत होती. ती स्वतः डोंगरातलीच. लग्न करून खाली आली, नवरा गेल्यावर इस्पितळात सफाईच्या कामाला लागली. तिच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर एवढंच लिहिलं होतं, सफाई. प्रत्यक्षात ती दोन कामं करत होती आणि दुसरं कुठल्याच कागदावर नव्हतं. डोंगरातल्या माणसाचं बोलणं कुणाला कळेनासं झालं की हाक यायची, मावशीला बोलवा. मग तिने पोछा भिंतीला टेकवायचा, हात धुवायचे, त्याला विचारायचं, यांना सांगायचं, आणि परत जाऊन उरलेली फरशी पुसायची.

ती जे सांगायची त्यातलं किती कुणाच्या कानात शिरायचं, हे तिला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी एक म्हातारा पोट धरून आला होता. तिने सांगितलं, हे म्हणतात, आत काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि मग दुखायचं थांबलं, तेव्हापासून जास्त भीती वाटतेय. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, दुखायचं थांबलं ना, मग झालं तर. म्हातारा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होता आणि बसल्या बसल्याच गेला. बाक मावशीनेच धुतला. त्या दिवशी तोंडातून चकार शब्द काढला नाही, याची बोच तिला अजून होती. विधवा बाई, नोकरी कच्ची, लेक शिकत असलेली. गप्प बसायला कारणं खूप होती आणि सगळी खरी होती.

तर त्या सोमवारी दहाला पाच कमी असताना एका टॅक्सीवाल्याने एका बाईला आणलं. पन्नाशीच्या आसपासची, अंगाने बारीक, कपड्यांवर एका बाजूने ओकारी, तोंड वेडंवाकडं, बोलणं लोळागोळा झालेलं. टॅक्सीवाला आणि शिपाई अशा दोघांनी तिला धरून आणलं तर उजवा पाय नुसता फरफटत होता. चेहरेपट्टी डोंगरातली, कुणीही ओळखावी अशी. टॅक्सीवाला नोंदणीच्या खिडकीशी काहीतरी सांगायला गेला. क्लार्कने नाव विचारलं, त्याला ठाऊक नव्हतं. मग क्लार्क म्हणाला, नाव माहीत नाही तर तू कोण, आणि गाडी आधी गेटसमोरून काढ, ॲम्ब्युलन्सची वाट अडलीय. तो बिचारा गाडी काढायला गेला.

बाईला बाकावर बसवलं. ती उजवीकडे कलंडली, म्हणून आडवी केली.

कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर होता. दोन वर्षं झाली होती त्याला इथे. स्वभावाने वाईट म्हणावा असा नव्हता, लहान मुलांशी तर फार गोड बोलायचा. त्याने चार पावलांवरून बाईकडे पाहिलं, सिस्टरला बी.पी. घ्यायला सांगितलं आणि मावशीला हाक मारली.

"विचार हिला, किती प्यायलीय."

मावशी बाईच्या डोक्याशी वाकली. वाकल्यावर तिला खोबरेल तेलाचा वास आला, ओकारीचा आला. दारूचा आला नाही. पुरुषाच्या दारूने जिची अर्धी जिंदगी नासली, तिला तो वास लांबूनही कळतो. तिने प्यायल्याचं विचारलंच नाही. आपल्या भाषेत विचारलं, ताई, काय होतंय?

आपली भाषा कानावर पडताच बाईने डावा हात वर केला आणि मावशीची बाही घट्ट पकडली. तिला बोलायला जड जात होतं, पण एकेक शब्द ती ओढून काढत होती. मावशीने तो नीट ऐकला, पुन्हा एकदा विचारून घेतला आणि सरळ उभी राहिली.

"डॉक्टर, त्या म्हणतात, उजवा हात आणि पाय एकदम जड झाला. गाडीत बसल्या होत्या तेव्हा. आणि म्हणतात, खालची भाषा तोंडात येईना."

"खालची भाषा," डॉक्टर हसला. "होती कधी तोंडात?"

सिस्टरही हसली. ती हसली याचं मावशीला जास्त लागलं, कारण सिस्टर एरवी तिला डब्यातलं द्यायची.

मावशी म्हणाली, वास येत नाहीये डॉक्टर, मी बघितलं. डॉक्टर म्हणाला, मावशी, तू आता मला वास शिकव. त्याने केसपेपर ओढला, तीन ओळी लिहिल्या, सलाईन लावायला सांगितलं आणि उतरली की घरी पाठवा म्हणाला. मावशीला अक्षर लावून लावून वाचता यायचं. तिने उलट्या बाजूने वाचलं. दारूच्या नशेत. दारूचा वास, आहे. उजव्या हाताबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिने बाही सोडवून घेतली. हो, तिनेच. पुढे कित्येक दिवस तिला दुसरं काही आठवण्याआधी हे आठवायचं, की त्या बोटांची पकड घट्ट होती आणि आपण ती एकेक करून सोडवली. ताई, मी येते म्हणाली, आणि वरच्या मजल्यावरचा जिना पुसायला गेली.

मधे दोनदा ती खाली डोकावली. दोन्ही वेळा बाई तशीच पडलेली, डोळे उघडे, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. दुसऱ्या खेपेला मावशीने सिस्टरला विचारलं, सलाईन तर संपत आलं, बघताय ना? सिस्टर म्हणाली, अगं उतरायला वेळ लागतो. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांनी नाकाला रुमाल लावला होता आणि आपल्या पोराला बाकापासून लांब ओढून घेतलं होतं.

साडेबाराला तो टॅक्सीवाला परत आला. त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती, मागच्या सीटखाली सापडलेली. खिडकीशी रांग होती, म्हणून त्याने दारात पोछा मारणाऱ्या मावशीलाच गाठलं. ती सकाळची बाई कशी आहे, शुद्धीवर आली का, विचारलं. मावशी म्हणाली, दारू उतरायची वाट बघतायत.

टॅक्सीवाला उसळला.

"दारू कसली? साडेनऊला माझ्या गाडीत बसल्या त्या. शिक्षण कार्यालय किती लांब आहे, मीटरनेच घ्या, असं मला बजावलं. माझ्यापेक्षा शुद्ध बोलत होत्या. पुलावर चढलो आणि मागून धपकन आवाज आला. त्यानंतर जे बोलायला लागल्या ते मला एक अक्षर कळेना. हेच सांगत होतो मी त्या खिडकीवाल्याला!"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खालची भाषा तोंडात येईना. बाईने तेच तर सांगितलं होतं. जशीच्या तशी सांगितलेली गोष्ट, तिनेही जशीच्या तशी पोचवलेली, आणि तिच्यावर विनोद करून दोघं हसली होती. अकरा वर्षांत तिने कितीतरी लोकांना पॅरालिसिसचा झटका येऊन आत येताना पाहिलं होतं. छान कपड्यातल्या माणसाचं तोंड वाकडं झालं की इथे कशी पळापळ होते, स्ट्रेचर कसा ओढतात, वेळ किती झाला म्हणून कसे ओरडतात, हे तिने पोछा हातात धरून बघितलं होतं. घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. म्हणजे तीन तास.

ती डॉक्टरकडे गेली. तो एका मुलाच्या हनुवटीला टाके घालत होता. तिने टॅक्सीवाल्याचं सांगायला सुरुवात केली. त्याने मान वर न करता सांगितलं, मावशी, दिसत नाही का, नंतर.

नंतर हा शब्द तिने ऐकला आणि तिच्या आत काहीतरी पक्कं झालं. तिने बादली बाकाखाली सरकवली, कोपऱ्यातला रिकामा स्ट्रेचर ओढून आणला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाली, धर. दोघांनी मिळून बाईला उचललं. सलाईनची बाटली तिने बाईच्या उशाशी खोचली, पिशवी पायाशी ठेवली आणि स्ट्रेचर ढकलत निघाली. कुणी अडवलं नाही. सफाईवाली काहीतरी ढकलत चाललीय, यात कुणाला काय दिसणार? लिफ्टमध्ये तिने बाईचा डावा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत सांगितलं, ताई, डोक्याचा फोटो काढायला चाललोय. मशीन मोठं आहे, आवाज करतं, पण दुखत नाही. मी दाराशीच उभी राहते. सकाळपासून बाईला कुणी काही सांगितलं असेल तर ते हे पहिलंच.

स्कॅनच्या खोलीत टेक्निशियनने कागद मागितला. मावशी म्हणाली, कागद नाही. तो म्हणाला, कागदाशिवाय मी मशीनला हात लावत नाही, मला घरी जायची वेळ आणू नका. मावशी म्हणाली, नाही लावलात तर मी इथून हलत नाही, मग बोलवा शिपायाला.

तिचा आवाज चढला होता. आत काचेमागे मोठ्या मॅडम कुणाची तरी फिल्म बघत बसल्या होत्या. मेडिसिनच्या प्रमुख, अख्खं इस्पितळ त्यांना टरकून असायचं. त्या बाहेर आल्या आणि काय गोंधळ आहे म्हणाल्या. मावशीचे शब्द अडखळले नाहीत. साडेनऊला चांगल्या बोलत होत्या, टॅक्सीवाला साक्षीला आहे, मग उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली, दारू प्यायलेल्या नाहीत, दहाला पाच कमी असल्यापासून बाकावर आहेत.

मॅडमनी बाईकडे पाहिलं. दोन्ही हात वर करा म्हणाल्या. मावशीने आपल्या भाषेत सांगितलं. डावा वर गेला, उजवा जागचा हलला नाही. हसा म्हणाल्या. मावशीने सांगितलं. अर्धं तोंड हसलं.

"कागद मी देते," मॅडम टेक्निशियनला म्हणाल्या. "घे आत. आत्ता."

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. सव्वा वाजता ती विरघळवायचं इंजेक्शन गेलं. साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं, हे मावशीला नंतर मॅडमच्या हाताखालच्या पोरीने समजावून सांगितलं. तिने सहज विचारलं होतं, दहालाच दिलं असतं तर? पोरगी खाली बघून म्हणाली, हात वाचला असता बहुतेक.

नातेवाईक कोण ते शोधायला सिस्टरने पिशवी उघडली. आत डबा, चष्मा, पेन्शनच्या अर्जाची फाइल आणि ओळखपत्र निघालं. मुख्याध्यापिका. तीस वर्षं डोंगरातल्या शाळेत खालची भाषा आणि गणित शिकवलेल्या.

मग काय विचारता. वारं फिरलं. ‘ही’ची ‘ह्या’ झाली. ‘हिला’चं ‘मॅडमना’ झालं. बाईंना खिडकीजवळची खाट मिळाली, पडदा मिळाला, स्वच्छ चादर मिळाली. पाणी पाजण्याआधी विचारायला लागले, उठवू का मॅडम? क्लार्क स्वतः वर येऊन नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना बघून गेला. बाईंचा भाऊ डोंगरातून धावत आला, तर त्यालाही बसायला खुर्ची दिली. मावशी हे सगळं बघत होती आणि जितका मान वाढत होता तितकी ती रागाने जळत होती. लोकांना वाटलं ती खूश असेल. सिस्टर तर म्हणालीसुद्धा, मावशी, पुण्य लागलं तुला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तरुण डॉक्टर वॉर्डात आला. रात्रभर झोपला नसावा. बाईंच्या खाटेशी उभा राहून त्याने माफी मागितली. बाईंना सगळं कळत होतं, बोलता मात्र येत नव्हतं, त्या नुसत्या बघत राहिल्या. मग तो मावशीकडे वळला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं.

तो म्हणाला, "मावशी, त्या शिक्षिका आहेत हे तेव्हाच कळलं असतं तर..."

"तर?"

तो थांबला.

"आणि नसत्या तर?" मावशी म्हणाली. "लाकडं विकायला आलेली बाई असती, तर दारू प्यायलेलीच ना? मग तिचा हात गेला असता, जीव गेला असता, तर तुम्ही आज इथे आलाच नसता. तुमच्या केसपेपरवर सगळं बरोबरच लिहिलेलं राहिलं असतं."

मावशीला वाटलं होतं बोलून मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि उलट ती जास्तच पेटली.

बुधवारी तिच्या हातात मेमो पडला. परवानगीशिवाय रुग्ण हलवणे, कामाची जागा सोडणे. गुरुवारी अधीक्षकांच्या खोलीत चौकशी. अधीक्षक, मेट्रन, तरुण डॉक्टर, क्लार्क, आणि एका बाजूला मोठ्या मॅडम. मावशीला बसायला सांगावं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग मॅडमनीच खुर्ची पुढे सरकवली.

अधीक्षक मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आधी मावशीचं कौतुक केलं, मग नियम नियमच असतो म्हणाले, आणि मग अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं की, आदिवासी रुग्णांच्या बाबतीत येणाऱ्या भाषेच्या अडचणीमुळे निदानास विलंब झाला.

मावशीने हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा.

"हे खोटं आहे साहेब. भाषेची अडचण नव्हती. मी तिथेच होते. यांनी मला विचारायला लावलं, मी विचारलं. त्यांनी सांगितलं, मी यांना सांगितलं. उजवा हात जड झाला, हेच शब्द. यांनी ते लिहिले नाहीत."

अधीक्षक म्हणाले, भाषांतरात चूक होऊ शकते, तुम्ही काही त्यातल्या शिकलेल्या नाही.

"मग अकरा वर्षं मला कशाला बोलावलंत?"

अधीक्षकांनी तरुण डॉक्टरकडे पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, सर, त्यांनी सांगितलं होतं. मी मनावर घेतलं नाही. आणि वास... मी जवळ गेलोच नव्हतो. एवढं बोलायला त्याला छाती लागली, हे मावशीने मनात नोंदवलं. पण माफ नाही केलं.

अहवालातलं वाक्य बदललं. मेमो मात्र मागे घेतला नाही, ताकीद म्हणून तिच्या फाइलला लागला. केसपेपरवरचं दारूच्या नशेत हे खोडता येईल का, असं तिने विचारलं, तर अधीक्षक म्हणाले, रेकॉर्डमध्ये खाडाखोड करता येत नाही. ती उठली आणि शांतपणे म्हणाली, ठीक आहे. माझ्या ऑर्डरवर सफाई लिहिलंय. उद्यापासून मी सफाई करणार. दुसरं काही नाही.

दोन दिवस तिने तसंच केलं. खालून हाक आली, मावशीला बोलवा, की ती म्हणायची, माझी ऑर्डर बघा. सिस्टर चिडली. मेट्रन समजावून गेली. घरी लेकीने विचारलं, आई, पण यात भोगणार कोण, आपलीच माणसं ना? मावशीने ताट पुढे सारलं. राग डॉक्टरवर काढावा तर तो बाकावरच्यांच्या अंगावर पडत होता, याने ती आणखीनच चरफडत होती.

तिसऱ्या दिवशी डोंगरातली एक जख्ख म्हातारी आली. सोबत सून. दोन दिवस पोट दुखतंय, एवढं खुणांनी कळत होतं. मावशी दारातली काच पुसत होती. म्हातारी कुणाला तरी उद्देशून बोलत होती, कुणाला तेही तिला ठाऊक नसावं. पोरी, मला इथे एकटीला ठेवून जाऊ नकोस. सून बाहेर, कारण शिपायाने तिला आत येऊ दिलं नव्हतं.

मावशीने फडकं खाली टाकलं. आधी बाहेर जाऊन सुनेला हाताला धरून आत आणलं. शिपाई म्हणाला, पेशंटसोबत आत कुणी नाही. मावशी म्हणाली, त्या कालच्या पोटाच्या पेशंटसोबत तीन जण होते, तेव्हा तुझे डोळे कुठे होते? मग ती म्हातारीशेजारी बसली, सगळं विचारलं, सगळं ऐकून घेतलं, आणि तरुण डॉक्टरसमोर येऊन उभी राहिली. त्याने विचारलं, काय म्हणतायत आजी?

"आधी पेन घ्या," मावशी म्हणाली.

"सांगा ना, मी ऐकतोय."

"ऐकू नका. लिहा. मी एक वाक्य सांगणार. तुम्ही ते आजीच्या शब्दांत लिहिणार आणि मला वाचून दाखवणार. मग मी पुढचं सांगणार. तुम्हाला त्यातून काय कळलं ते खाली लिहा, वर नाही."

सिस्टरने डोळे मोठे केले. डॉक्टरने पेन काढलं. चार वाक्यं होती. चारी त्याने लिहिली आणि चारी वाचून दाखवली. एका ठिकाणी मावशीने अडवलं, आजी मळमळतं म्हणाल्या नाहीत, गिळलेलं खाली उतरत नाही म्हणाल्या. त्याने खोडून पुन्हा लिहिलं. मग तो म्हणाला, खाली तुमचं नाव घालतो, कुणी सांगितलं म्हणून. आणि पेन तसंच धरून थांबला. मावशीच्या लक्षात आलं, याला आपलं नाव ठाऊक नाही. तिने सांगितलं, सबंध, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. त्याने सावकाश लिहिलं.

म्हातारीचं आतडं पिळलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. जगली.

त्यानंतर मावशीने हाच नियम धरला. कुणाचीही पाळी असो, आधी लिहा. काहीजण कुरकुरले, एकाने तक्रार केली. मोठ्या मॅडमनी ती तक्रार अधीक्षकांसमोर फाडली, असं म्हणतात. मावशीने काही ते पाहिलं नाही.

बाईंची वाचा हळूहळू येत होती. आधी डोंगरातली आली, मग खालची, तुटक, मध्येच शब्द अडकणारी. उजवा हात मात्र आला नाही. मनगटापासून खाली तो नुसता लोंबायचा. घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी मावशीला सांगितलं, मला माझा केसपेपर वाचायचाय. मेट्रनने टाळाटाळ केली. मावशी हटून बसली. शेवटी तरुण डॉक्टरनेच तो आणून दिला आणि तिथेच उभा राहिला.

बाईंनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. बराच वेळ वाचलं, ओळी तीनच होत्या तरी. चेहरा लाल झाला. मग त्यांनी डाव्या हाताने पेन मागितलं. डॉक्टर म्हणाला, मॅडम, खोडता येत नाही. बाई म्हणाल्या, "खोडत नाही. खाली लिहिते."

त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, ओळ वर चढणारी. कागद सरकायचा, म्हणून मावशी तो दाबून धरून बसली. मी दारू पीत नाही. माझा उजवा हात जड झाला हे मी सांगितले होते. दोन वाक्यांना अर्धा तास लागला. घाम त्यांच्या हनुवटीवरून कागदावर पडला. डॉक्टर सबंध वेळ उभा होता. मधे त्याला दोनदा बोलावणं आलं, मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो गेला नाही. शेवटी बाईंनी तारीख घातली आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने खाली सही केली.

महिन्याभराने नवे केसपेपर छापून आले. त्यात दोन रकाने जास्त होते, रुग्णाचे शब्द आणि सांगणाऱ्याचे नाव. दुभाष्याच्या दोन जागांचा प्रस्ताव वर गेलाय, असं अधीक्षकांनी सभेत सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने वाजवल्या नाहीत. वर म्हणजे कुठे, असं तिने विचारलं.

बाईंनी घरी गेल्यावर आरोग्य खात्याकडे तक्रार केली. भाचीकडून लिहवून घेतली, सही डाव्या हाताची. सुनावणीची तारीख लागली तेव्हा साक्षीदारांच्या यादीत मावशीचं नाव पहिलं होतं, टॅक्सीवाल्याचं दुसरं. अधीक्षकांनी तिला खोलीत बोलावून चहा पाजला आणि विचारलं, आता सगळं सुधारलंय, मग जुनं उकरून काय मिळणार? ती म्हणाली, बाईंना हात मिळणार नाही साहेब, एवढं मला कळतं. चहा तिने तसाच ठेवला.

मग तिने रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी लोक घरगुती असं लिहितात. तिने साक्ष द्यायला असं लिहिलं, ‘क्ष’ काढताना दोनदा चुकली, आणि अर्ज मेट्रनच्या टेबलावर ठेवला. तेवढ्यात मुलांच्या वॉर्डातून हाक आली. कुणीतरी ओकलं होतं. बादली उचलून ती तिकडे गेली.